दुसरा एस

मॅरोवर नाव लिहायचं असेल तर फळ मधल्या बोटाएवढं झालं की लिहावं. त्याआधी साल फार कोवळी असते, फाटते. वीतभर वाढल्यावर ती निबर होते आणि सुई घसरते. सुई रफूची घ्यावी, दाभण नको. फळ वेलीवरच राहू द्यावं, तळहातावर उचलून धरावं आणि साल नुसती खरवडली जाईल इतकंच दाबावं. रेघेवर रसाचे बारीक थेंब येतात. ते पुसायचे नाहीत. दोन दिवसांत रेघ सुकून भुरकट होते, आणि पुढचं काम मॅरो स्वतःच करतो. फळ फुगतं तसं नाव फुगतं. जूनमध्ये मुंगीएवढी असलेली अक्षरं सप्टेंबरात अंगठ्याएवढी होतात.

स्कारथॉर्पच्या शाळेत मी सदतीस वर्षं लहान मुलांना शिकवलं, आणि दर वर्षी प्रत्येक मुलाला शाळेमागच्या वाफ्यातला एकेक मॅरो दिला. दिसायला साधं फळ, लांबट, हिरवं, पट्ट्यापट्ट्यांचं, भोपळ्याच्या जातीतलं. पण सात वर्षांच्या मुलाला त्यावर आपलं नाव रोज थोडं मोठं झालेलं दिसलं की ते शाळेत यायला रडत नाही. नियम तीन होते. लिहायचं ते आपलंच नाव. ज्याचं नाव असेल त्यानेच फळ कापायचं; दुसऱ्याच्या नावाला कुणी सुरी लावायची नाही, मीसुद्धा नाही. आणि सुरी कुणाला देताना पातं आपल्याकडे, मूठ समोरच्याकडे. या तिसऱ्या नियमाचा सराव आम्ही आधी लाकडी पट्टीने करायचो.

शाळा १९७१ साली बंद झाली. गावात मुलंच उरली नव्हती. इमारत पाडली तेव्हा तिच्या खिडक्या मी मागून घेतल्या, आणि शेजारच्या वॉल्टर कॅमिशने त्या एकमेकींना जोडून माझ्या परसात काचघर उभं करून दिलं. वॉल्टर माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठा. जन्मभर खेकडे धरले, आता मॅरो वाढवतो. त्याची तिन्ही मुलं माझ्या वर्गातून गेली, म्हणून तोही मला मिसच म्हणतो. सगळेच म्हणतात. माझं नाव हॅरिएट ब्लेंकिन आहे हे बहुधा फक्त पोस्टमनला ठाऊक असावं.

आमच्या किनाऱ्याची माती मऊ आणि तांबूस आहे, आणि समुद्र ती दर वर्षी थोडी थोडी खातो. कडा ढासळतो, कुंपण जातं, मग कुणाचा तरी गोठा जातो. दर सोमवारी सकाळी मी काचघराच्या उंबऱ्यापासून कड्यापर्यंतचं अंतर शाळेच्या गजपट्टीने मोजते आणि वहीत लिहिते. मुलांना मी नेहमी सांगायचे, अंदाज करू नका, मोजा. १९७८ च्या एप्रिलमध्ये ते अंतर अकरा फूट चार इंच होतं.

मे महिन्यात क्लाइव्ह हेसल कागद घेऊन आला. तो आता काउंटीच्या कचेरीत इंजिनिअर आहे. माझ्या वर्गात होता तेव्हा त्याच्या नाकाला कायम शेंबूड असायचा.

"मिस, इथे सही हवी," तो म्हणाला. "एकोणतीस सप्टेंबरला घर रिकामं करायचं. समुद्रापासून आत, वीस मैलांवर, तुमच्यासाठी छान फ्लॅट बघितलाय. खिडकीत कुंड्यासुद्धा ठेवता येतील."

"कुंडीत मॅरो येतो का, क्लाइव्ह?"

"नाही, मिस."

"मग?"

तो आपल्या बुटांकडे बघायला लागला. उत्तर येत नसलं की सातव्या वर्षीही तो बुटांकडेच बघायचा. मी त्याला चहा दिला, आल्याचा आणि मॅरोचा मुरंबा दिला, सही दिली नाही.

त्या वर्षी मी एकाच वेलीवर जीव लावला होता. बी माझं स्वतःचं, वर्षानुवर्षं जपलेलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात एका मादी फुलावर नर फूल घासून मी फळ धरवलं, बाकीची खुडून टाकली. बोटाएवढं झाल्यावर त्याच्याखाली पेंढा घातला. त्याच्यावर नाव लिहायला कुणी नव्हतं, आणि स्वतःचं नाव मी कधी लिहिलेलं नाही.

बारा जूनला, सोमवारी, फळाच्या वरच्या बाजूला एक ओरखडा दिसला. गोगलगाय असेल म्हणून मी पानं उलटून बघितली. गोगलगाय नव्हती, तिचा चिकट मागही नव्हता. ओरखड्यावर रसाचे थेंब होते, एका ओळीत.

"उंदीर असेल," वॉल्टर म्हणाला. त्याने गुडघे टेकून, चष्मा कपाळावर सरकवून बघितलं. "नाहीतर तुमचं मांजर."

"मांजर मेलं त्याला दोन वर्षं झाली, वॉल्टर."

"मग उंदीरच. मांजर मेल्याची खबर त्याला लागली असेल." तो गुडघे धरत उठला. "बाकी यंदा प्रदर्शनात मोठ्या मॅरोचं बक्षीस मलाच, मिस. मी माझ्या पोराला साखरेचं पाणी पाजतोय, देठातून लोकरीचा धागा ओवून. तुम्ही आपलं बसा नुसतं विहिरीचं पाणी घालत."

मी दर सोमवारी त्या ओरखड्यावर पातळ कागद ठेवून तो पेन्सिलने गिरवून घ्यायला लागले. शेजारी तारीख, फळाची लांबी, घेर. पहिल्या कागदावर नुसती पाव इंचाची रेघ आहे. तिसऱ्यावर तिचे पाच तुकडे झालेले दिसतात. पाचव्या कागदावर पहिला आणि शेवटचा तुकडा सारखाच आहे, तीन दात असलेल्या कंगव्यासारखा. तो ई होता. शेवटच्याच्या आधी एक उभी काठी, आय. उरलेले दोन तुकडे मला जुलैच्या शेवटच्या सोमवारपर्यंत लागले नाहीत, कारण ते सारखे असायला हवे होते आणि नव्हते. एक उजवीकडे वळत होता, एक डावीकडे.

मग ते लागले. मी गजपट्टी खाली ठेवली आणि उपड्या बादलीवर बसले.

ई, एस, एस, आय, ई. आणि दुसरा एस उलटा.

सदतीस वर्षांत एस उलटा काढणारी मुलं मला शेकड्यांनी भेटली. पण ती एस उलटा काढायची तेव्हा सगळे एस उलटे काढायची. एक सुलटा आणि त्याच्या शेजारी एक मुद्दाम उलटा, असं काढणारी मुलगी एकच होती. एस्सी ट्रॅनमर. डावखुरी, केसांत एका बाजूला पिन, लिहिताना तोंडाने श्वास घ्यायची. नाक कायम चोंदलेलं, म्हणून त्या श्वासाचा आवाज दोन बाकांवर ऐकू यायचा.

"दुसरा एस उलटा आलाय, एस्सी. पुन्हा लिही."

"तो उलटा नाहीये, मिस. तो बोलतोय."

"कुणाशी?"

"पहिल्याशी. एकामागे एक उभे राहिले तर त्यांना एकमेकांचं तोंड कसं दिसणार?"

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते आणि माझ्याकडे नियम पुष्कळ होते. मी तिला सांगितलं, दोन्ही एस नीट आले की सोनेरी कागदाचा तारा देईन. ते ३६ साल होतं. जुलैत तिने आपल्या मॅरोवर नाव लिहिलं, दोन्ही एस समोरासमोर. ऑगस्टच्या सुट्टीत घटसर्पाने ती गेली.

तिचा मॅरो सप्टेंबरात तयार झाला. इतर मुलांनी आपापले कापून नेले. तिचा कुणी कापायचा नव्हता; नियम माझाच होता. तो वेलीवर राहिला, पहिल्या हिमात बसला, नोव्हेंबरात कुजला. मी त्यातल्या बिया काढून धुतल्या आणि पाकिटात घातल्या. माझ्या वेलींचं बी तेच आहे, तेव्हापासूनचं.

अजून एक गोष्ट सांगायला हवी. आमचं चर्च कड्यालगत होतं. बावन्न साली कबरी आत हलवायचं ठरलं, आणि ज्यांचे नातेवाईक सही करतील त्यांच्याच हलवायच्या, असा नियम झाला. ट्रॅनमर कुटुंब तोवर हल शहरात बॉम्बखाली गेलं होतं. पाद्रीसाहेबांनी मला रस्त्यात थांबवून विचारलं, "त्या छोट्या एस्सीसाठी कोण आहे?" मी म्हणाले, "नातेवाईक कुणी नाही." खरं तेच सांगितलं. पुढल्या जानेवारीच्या वादळात दफनभूमीची समुद्राकडची अर्धी बाजू गेली. एक सही करायला मला कुणी अडवलं नव्हतं.

हे सगळं मी त्या बादलीवर बसून आठवलं. भीती वाटली का, असं पुढे वॉल्टरने विचारलं. वाटली. पण भीती वाटली म्हणून चुकीचं अक्षर बरोबर होत नाही. मी उठले, स्कर्ट झटकला, आणि वर्गात जेवढ्या आवाजात बोलायचे तेवढ्याच आवाजात म्हणाले, "दुसरा एस उलटा आहे, एस्सी. पुन्हा लिही."

काचघरात काही हललं नाही. बाहेर समुद्राचा आवाज चालू होता.

ऑगस्टमध्ये कडा झपाट्याने ढासळला. वॉल्टरच्या परसाचे चौदा फूट गेले, त्याचं खेकड्यांच्या टोपल्यांचं खोपट गेलं. दुसऱ्या बाजूचा रिकामा प्लॉट तर अर्धा गेला. माझं अंतर सात ऑगस्टला अकरा फूट चार इंच. चौदाला अकरा फूट चार इंच. एकवीसला, अठ्ठावीसला, तेच. क्लाइव्ह येऊन त्याच्या पोलादी टेपने मोजून गेला. त्याने दोनदा मोजलं आणि दोन्ही वेळा टेपच नीट निरखून पाहिला. खाली वाळूवरून पाहिलं तर माझं परस नाकासारखं पुढे आलेलं दिसायचं, दोन्ही गाल बसलेल्या माणसाच्या.

"मिस," तो म्हणाला, "हे असं राहणार नाही. हे एकदम जाईल. एका दुपारी, तुम्ही आत असताना."

"वहीत तसं काही दिसत नाही, क्लाइव्ह."

"वहीत उद्याचं कसं दिसेल?"

हे त्याने बरोबर विचारलं होतं, आणि मी तसं त्याला सांगितलं. पण सही दिली नाही. मुलीला एकदा समुद्राच्या हवाली करून मी वह्या तपासायला घरी आले होते. तिचं फळ वेलीवर आहे तोवर मी हलणार नव्हते. हे मी क्लाइव्हला सांगितलं नाही. वॉल्टरला सांगितलं.

वॉल्टर म्हणाला, "शनिवारी प्रदर्शन आहे. कापू या तो. टेबलावर ठेवू, गाव बघेल, संपेल एकदाचं."

"त्याच्यावर ना तुझं नाव, ना माझं."

"तुमचे नियम सात वर्षांच्या पोरांसाठी होते, मिस. मी एकाहत्तरचा आहे."

त्याने खिशातला चाकू उघडला. मी दारात उभी राहिले. त्याला अडवायचं की नाही हे ठरायच्या आत तो पानं बाजूला करून वाकला होता. मॅरो तोवर त्याच्या मांडीएवढा झाला होता. त्याने डाव्या हातात देठ धरला, पातं टेकवलं आणि तसाच थांबला.

"मिस."

"काय?"

"तुम्ही माझी बाही ओढलीत का?"

"मी दारात आहे, वॉल्टर."

त्याने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मग आपल्या उजव्या कोपराकडे पाहिलं. चाकू मिटायला त्याला दोन प्रयत्न लागले. बाहेर येऊन त्याने टोपी काढली, पुन्हा घातली.

"हळूच ओढली," तो म्हणाला. "लघवीला जाऊ का विचारताना ओढतात तशी."

त्यानंतर तो काचघरात आला नाही. शनिवारी पहिलं बक्षीस त्याला मिळालं. तो त्या रात्री बक्षिसाची चिठ्ठी लावलेला आपला मॅरो घेऊन माझ्या दारात आला, पायरीवर ठेवला आणि म्हणाला, "हा खा. याच्यावर कुणाचं नाव नाही. मी चारही बाजूंनी बघितलंय."

एकोणतीस सप्टेंबरला सकाळपासून समुद्रावरून धुकं आत आलं होतं, इतकं दाट की घरातून काचघर दिसत नव्हतं. अकरा वाजता क्लाइव्ह ट्रक घेऊन आला, बरोबर सामान उचलायला दोन माणसं.

"फळ वेलीवरून उतरलं की मी येते," मी त्याला म्हणाले. "त्याच्या आधी नाही. उचलून न्यायचं असेल तर ने उचलून."

"मग उतरवा ना, मिस. दोन मिनिटांचं काम."

"त्याच्यावर माझं नाव नाही."

तो काहीतरी बोलायला निघाला होता. मग त्याला आपला मॅरो आठवला असावा. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसलं. "कुणाचं आहे?" त्याने हळूच विचारलं.

"माझ्या वर्गातल्या एका मुलीचं. तुझ्या आधीच्या."

तो ट्रकमध्ये जाऊन बसला. मी काचघरात गेले, दार लावलं आणि बादलीवर बसले. काचांना बाहेरून धुकं चिकटलं होतं. आत पानांचा हिरवट, काकडीसारखा वास होता, आणि त्याच्याखाली दुसरा एक वास, जो मी सात वर्षांत घेतला नव्हता: ओल्या लोकरीच्या कोटांचा आणि खडूचा. खिडक्या शाळेच्या आहेत, मी स्वतःला सांगितलं. लाकूड वास धरून ठेवतं.

साडेअकराच्या सुमारास पानांमागे श्वास ऐकू आला. तोंडाने घेतलेला. चोंदलेल्या नाकाचा.

काचघरात एक सुरी खिळ्याला टांगलेली असते, शाळेचीच, टोक बोथट केलेली. मी खिळ्याकडे पाहिलं. खिळा रिकामा होता.

मग कापण्याचा आवाज सुरू झाला.

मॅरोचा देठ तयार झाल्यावर लाकडासारखा कडक होतो. मोठ्या माणसाला दोन झटके लागतात. मुलांना वेळ लागतो. ती करवतीसारखी सुरी मागेपुढे करतात, दमतात, हात झटकतात, पुन्हा सुरू करतात. तसाच आवाज होता. करकर, मग थांबणं, मग श्वास, मग करकर.

मी उठून पानं बाजूला केली नाहीत. मूल काम करत असताना त्याच्या खांद्यावरून डोकावू नये. त्याचा हात चुकतो.

पण एक गोष्ट मी प्रत्येक मुलाला, प्रत्येक वर्षी, याच वेळी सांगत आले होते.

"बोट सांभाळ," मी म्हणाले.

आवाज थांबला.

मी मनात आकडे मोजले. नऊपर्यंत आले.

करकर पुन्हा सुरू झाली, आता सावकाश.

आणि मग पेंढ्यावर काहीतरी जड पडलं.

क्लाइव्ह दार उघडून आत आला तेव्हा मी अजून बसलेलीच होते. "कापलात, मिस?" तो म्हणाला आणि वाकला. देठावर पाच-सहा अर्धवट खाचा होत्या, सगळ्या डाव्या अंगाने घातलेल्या. सुरी पेंढ्यात पडली होती. त्याने देठ बघितला, मग माझे हात बघितले.

"असं कापणं तुमचं नाही," तो म्हणाला.

"नाही."

"मग आता..."

"मी शब्द दिलाय. चल."

मी खरंच निघाले होते. वेल सोडून जायचं म्हणजे निदान बिया तरी घ्याव्यात, पण आता त्या फळालाही माझा हात लावायचा नव्हता. म्हणून मी नुसतं एकदा पानांखाली पाहून घेतलं, आपण घर सोडताना सगळीकडे पाहतो तसं. वेलीच्या शेंड्याला एक नवं फळ होतं. सप्टेंबर संपताना फळ धरत नाही. रात्री गार असतात, मधमाश्या नसतात. तरी ते होतं, माझ्या मधल्या बोटाएवढं. त्याच्यावर एक ओरखडा होता.

रसाचे थेंब अजून ओले होते.

"क्लाइव्ह," मी म्हणाले, "ट्रक परत ने. आणखी एक आहे."

त्याने ते पाहिलं. तो वाद घालेल असं मला वाटलं होतं. त्याने टोपी घातली आणि म्हणाला, "मी कचेरीत सांगेन, घरी कुणी भेटलं नाही." मुलगा कधी खोटं बोलायचा नाही. पहिल्यांदाच बोलला.

दुसऱ्या दिवशी पेंढ्यात एस्सीच्या मॅरोचा खळगा होता, मॅरो नव्हता. मी सुरी धुतली आणि खिळ्याला लावली.

भिंग माझ्या टेबलाच्या खणात होतं. मी ते वापरलं नाही. नाव वाढू द्यायचं असतं, वेळेआधी वाचायचं नसतं. हेही मीच शिकवलं होतं. ऑक्टोबरात बाहेरचं सगळं हिमाने काळं पडलं. काचघरात शेगडी नाही, तरी वेल हिरवी राहिली, आणि फळ रोज थोडं वाढत राहिलं. अंतर अकरा फूट चार इंच. वॉल्टर आता आपल्या मुलीकडे राहायला गेलाय. त्याच्या स्वयंपाकघराची भिंत गेली. जायच्या दिवशी तो कुंपणाशी उभा राहून म्हणाला, "या माझ्याबरोबर, मिस. माझी मुलगी रविवारी बीफ भाजते, मात्र जाळते." मी म्हणाले, पुढच्या रविवारी बघू. त्याला माहीत होतं आणि मलाही.

गेल्या आठवड्यात, तेरा नोव्हेंबरला, अक्षरं वाचता आली.

चार आहेत. एम, आय, आणि दोन एस. माझं दुसरं काही नाव तिला कधीच ठाऊक नव्हतं.

दोन्ही एस बरोबर आहेत. गोल, सारख्या उंचीचे, एकामागे एक. असं अक्षर आपोआप येत नाही. त्यासाठी बसून गिरवावं लागतं, पुष्कळ दिवस.

मी घरात जाऊन जुना पत्र्याचा डबा शोधला. त्यात तळाशी सोनेरी कागदाचे तारे अजून होते. एक घेतला, जिभेने ओला केला आणि नावाखाली चिकटवला. बेचाळीस वर्षं उशीर झाला होता, पण तारा कबूल केलेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तारा तिथे नव्हता. कागदाचा कपटाही नव्हता. फळाशेजारी, पेंढ्यावर, सुरी ठेवलेली होती.

क्लाइव्ह सोमवारी पुन्हा येणार आहे, या वेळी साहेबाला घेऊन. मी त्यांना वही दाखवीन आणि नियम सांगीन. ज्याचं नाव, त्यानेच कापायचं. नाव माझं आहे. म्हणजे कधी कापायचं हेही मीच ठरवणार. कचेरी नाही, समुद्र नाही, आणि तीही नाही. मला काकडीचा वास असलेल्या या घरात अजून पुष्कळ कामं आहेत. बियांची पाकिटं करायची आहेत. एक काच सैल झालीय.

सुरी मी रोज उचलते, पुसते, एप्रनच्या खिशात घालते आणि खिशाचं बटण लावते. "अजून नाही, एस्सी," असं मोठ्याने म्हणते. एप्रन घरात, दाराआडच्या खुंटीला टांगते.

रोज सकाळी खिशाचं बटण लावलेलंच असतं, आणि सुरी पेंढ्यावर असते. शिकवलं होतं तशी. पातं समुद्राकडे, मूठ माझ्याकडे.